रिटायर झाला एक जण, उत्तरं द्यावी लागली सगळ्या घराला

हे प्रकरण माझ्या एका जुन्या मित्राचं आहे. आम्ही कॉलेजात एकत्र होतो, पुढे काही वर्षं एकाच कंपनीत वेगवेगळ्या डिपार्टमेंटला होतो, त्यामुळे त्याच्या ऑफिसात काय बोललं गेलं तेही मी ऐकलंय आणि घरी काय झालं तेही पाहिलंय. त्याची आणि वहिनींची परवानगी घेऊन लिहितोय, नावं कुणाचीच देत नाही. लवकर रिटायरमेंटवर जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक पैशाबद्दल असतं, किती साठवा, कुठे गुंतवा, वगैरे. पण माणूस नोकरी थांबवतो तेव्हा आजूबाजूचे लोक काय करतात आणि ते कुणाला सोसावं लागतं, याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि या घराला त्रास नेमका तिथेच झाला.

मित्र तेव्हा ४६ वर्षांचा होता. मशीन डिझाइनमध्ये २२ वर्षं नोकरी, पोस्ट चांगली, तब्येत ठीक, कंपनीशी भांडण नाही. वहिनी शाळेत शिकवतात, त्यांची नोकरी चालूच राहणार होती. एक मुलगी, शाळेत. आईवडील त्यांच्यासोबतच राहतात, वडील पूर्ण नोकरी करून रिटायर झालेले. घरावर कर्ज उरलेलं नव्हतं.

पैशाची तयारी त्याने कसून केली होती. अमेरिकेतले एक आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि बाँडच्या जुन्या आकड्यांवरून हिशेब मांडला होता की पहिल्या वर्षी एकूण पुंजीच्या ४ टक्के काढले आणि पुढे दरवर्षी तेवढीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत गेलं तर पैसा साधारण ३० वर्षं पुरतो. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पैसा हवा असं जे सगळीकडे सांगतात ते यातूनच आलंय. पण ४६ व्या वर्षी थांबणाऱ्याला ३० वर्षं धरून कसं चालेल, म्हणून त्याने ३ टक्केच धरले, म्हणजे खर्चाच्या ३३ पटीच्या आसपास, आणि वहिनींचा पगार हिशेबात घेतलाच नाही. सुरुवातीच्या वर्षांत मार्केट पडलं तर सगळ्यात जास्त नुकसान होतं हेही त्याला माहीत होतं, त्यामुळे तीन वर्षांचा खर्च बाजूला ठेवीत ठेवलेला. एवढी तयारी मी दुसऱ्या कुणाची बघितलेली नाही.

राजीनामा दिला तेव्हा साहेबांचा पहिला प्रश्न होता, कुठे जॉइन होतोयस? कुठेच नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं हा सांगत नाहीये, ते म्हणाले, ऑफर किती आहे सांग, मॅच करतो. मग पगारवाढ, मग प्रमोशन, मग सहा महिन्यांची रजा घे आणि विचार कर. साहेब मनापासूनच बोलत होते, पण नोकरी सोडणारा माणूस एक तर दुसरीकडे जातो, नाही तर त्याला काढलेलं असतं, नाही तर तो आजारी असतो, या तीनपलीकडे चौथा प्रकार त्यांना सुचतच नव्हता. कँटीनमध्येही तेच. आठवडाभरात कॅन्सरपासून ते वरच्यांशी भांडण आणि घरची इस्टेट मिळाली इथपर्यंत सगळं फिरून माझ्यापर्यंत आलं. समाजशास्त्रज्ञ हेलन ईबाउ यांनी १९८८ मध्ये एखादी भूमिका सोडून 'माजी' झालेल्या लोकांचा अभ्यास मांडला होता, त्या स्वतः आधी नन होत्या. त्यांचं म्हणणं असं की माणूस बाहेर पडला तरी समोरचे लोक त्याच्या जुन्या भूमिकेवरूनच त्याच्याशी वागत राहतात. रिटायर झालेला म्हातारा माणूस कसा असतो याचं चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं आहे, पण पंचेचाळिशीतला, धडधाकट, डोक्यावर केस असलेला रिटायर माणूस कसा असतो, त्याच्याशी काय बोलायचं, याचं चित्रच नाही, मग लोक जवळचं जे सापडेल ते त्याला चिकटवतात.

ऑफिसातली त्याला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मात्र या अफवा नव्हत्या. त्याच्या शेजारच्या डेस्कवरचा सहकारी, त्याच वयाचा, त्याच वर्षी लागलेला, जवळपास तेवढाच पगार, तो बोलायचाच बंद झाला. टोमणा नाही, प्रश्न नाही, शेवटच्या दिवशी सेंड-ऑफला आला आणि लवकर निघून गेला. मित्राला कळेचना की आपण काय केलं. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेली एक गोष्ट इथे मला पटते, की माणूस स्वतःला जोखायला आपल्यासारख्याच माणसाकडे बघतो, फार वरच्याकडे किंवा फार खालच्याकडे नाही. साहेबांना याच्या जाण्याने फक्त माणूस कमी पडणार होता. शेजारच्याला मात्र आपली २२ वर्षं समोर दिसली असणार, कर्जाचे हप्ते, मुलांची शिक्षणं, आणि हा कसा काय सुटला हा प्रश्न. मित्राने त्याला एका शब्दाने कमी लेखलं नव्हतं, पण आपल्यासारखाच माणूस वेगळा निर्णय घेतो तेव्हा तो निर्णयच आपल्याला काहीतरी विचारायला लागतो. अशा माणसाशी वाद घालू नये असं माझं मत आहे, त्याला वेळ द्यावा.

आता घर. वडिलांनी ऐकून घेतलं आणि दोन दिवस काही बोलले नाहीत. मग रात्री विचारलं, ऑफिसात काही चुकलं का तुझ्याकडून? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग वयाच्या आधी थांबायचं कारण काय? बघायला गेलं तर हे वय कुठून आलं तर सरकारी नियमातून. जर्मनीत चान्सलर बिस्मार्कच्या काळात १८८९ मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वय ७० ठरवलं होतं, ते १९१६ मध्ये ६५ केलं. म्हणजे माणसाने कधी थांबावं हे काही शरीरात लिहिलेलं नसतं. पण हे वडिलांना सांगून उपयोग नव्हता आणि मित्राने सांगितलंही नाही, कारण त्यांचं दुखणं वेगळं होतं. त्यांनी आवडत नसलेली नोकरी घरासाठी शेवटपर्यंत केली होती, आणि मुलगा अर्ध्यावर उठतोय म्हणजे आपण सोसलं ते फुकट होतं का, असं त्यांना वाटत होतं, हे ते मला नंतर एकदा स्वतः बोलले.

मित्राने काय केलं तर सगळ्या हिशेबाची वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, बाबा, चूक काढून द्या. वडील पेन्सिल घेऊन आठवडाभर बसले. आणि चूक निघाली! कंपनीकडून असलेला आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपणार होता आणि याने स्वतःची पॉलिसी राजीनाम्यानंतर घ्यायचं ठरवलं होतं. वडील म्हणाले आधी घे, नवीन पॉलिसीत आधीच्या आजारांना काही काळ कव्हर नसतं, मधल्या काळात काही झालं तर तुझा सगळा हिशेब कोसळेल. राजीनाम्याची तारीख पुढे ढकलली, पॉलिसी घेतली, मग राजीनामा. मला हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला भाग वाटतो. विरोध करणारा माणूस आकडे मागत असेल तर त्याला आकडे द्यावेत, मनापासून द्यावेत, तो आपल्याच बाजूचा आहे.

आईचं तसं नव्हतं. आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं की तो आता घरून काम करतो. कुणी खोदून विचारलं तर, परदेशातल्या कंपनीचं आहे, रात्रीचं चालतं. हे मित्राला तीन महिन्यांनी कळलं, शेजारच्या काकांनी त्यांच्या मुलासाठी वशिला मागितला तेव्हा. तो आईवर चिडला, आई रडली. आणि मग नातेवाइकांपैकी एकाने आईच्या फोनवर मेसेज पाठवला, लवकर रिटायर होणारे लवकर मरतात, संशोधन आहे म्हणे. आई घाबरून गेली. संशोधन खरंच आहे, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००५ साली आलेलं, शेल ऑइलच्या कर्मचाऱ्यांवरचं, आणि त्यात ५५ व्या वर्षी रिटायर झालेल्यांमध्ये पुढे मृत्यूचं प्रमाण ६५ ला रिटायर झालेल्यांपेक्षा जास्त दिसलं होतं. पण ५५ ला थांबणाऱ्यांत तब्येत बिघडली म्हणून थांबलेले लोकही असतात, आणि त्याच अभ्यासात ६० ला थांबलेल्यांचं आणि ६५ ला थांबलेल्यांचं प्रमाण साधारण सारखंच निघालं. मेसेजमध्ये यातलं काहीच नव्हतं. एखाद्या आईला असा मेसेज पाठवणं हे मला क्रूरपणाचं वाटतं, पाठवणाऱ्याचा हेतू काहीही असो.

पण सगळ्यात जास्त कुणी सोसलं असेल तर वहिनींनी. शाळेच्या स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी विचारायचं. बरं नाहीये का त्यांना? काढलं का? मग आता सगळं तुझ्यावरच? तुला चालतं हे? एक जण म्हणाल्या, माझ्या नवऱ्याने असं केलं असतं तर मी घरात घेतलं नसतं, आणि बाकीच्या हसल्या. दुसऱ्या काही जणी म्हणायच्या, किती नशीबवान, घरी आयतं मिळत असेल सगळं. कीव आणि हेवा दोन्ही एकाच टेबलावर. वहिनी घरी येऊन सांगायच्या तेव्हा मित्र म्हणायचा, दुर्लक्ष कर, लोकांना काय, बोलतातच. तो घरी शांत होता, वाचत होता, लाकूडकाम शिकत होता, त्याला खरंच काही वाटत नव्हतं. एकदा मी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, निर्णय आमच्या दोघांचा होता, पण खुलासा मी एकटी देतेय. ते घरी असतात, त्यांना विचारायला येतंय कोण?"

हे ऐकलं आणि सगळं प्रकरण मला वेगळं दिसायला लागलं. जो रिटायर होतो तो लोकांच्या गर्दीतून बाहेर पडलेला असतो. त्याच्या निर्णयाबद्दल लोक ज्यांना गाठू शकतात ते म्हणजे अजून बाहेर जाणारी माणसं, बायको, मुलगी, बाजारात जाणारी आई. याने हिशेब पक्का केला, पॉलिसी घेतली, तीन वर्षांची ठेव ठेवली, पण या तिघींना कुणी काही विचारलं तर काय बोलायचं याबद्दल घरात एकदाही बोलणं झालं नव्हतं. आणि तो पुरुष असल्याने हे जास्त टोकदार झालं. आमच्याच ऑफिसमधल्या एका बाईंनी साधारण त्याच वयात नोकरी सोडली होती, तेव्हा कुणी कारणच विचारलं नाही, सगळ्यांनी स्वतःच ठरवून टाकलं की मुलांसाठी सोडली असेल. त्यांची मुलं तेव्हा मोठी होती आणि कारण वेगळंच होतं. बाईने सोडली तर लोक कारण पुरवतात, पुरुषाने सोडली तर लोक कारण मागतात, आणि मागतात त्याच्या बायकोकडे.

मुलीचं तर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय असा रकाना होता, त्यात तिने कंपनीचं नाव लिहिलं, सोडून सात महिने झाले होते तरी. आईने विचारलं तर म्हणाली, मग काय लिहू? वर्गातल्या एकाने विचारलं होतं, तुझ्या बाबांना काढलं का, आणि ती काही बोलली नव्हती.

दिवसभर तू करतोस काय, हा प्रश्न सगळेच विचारायचे आणि तो त्याला उद्धट वाटायचा. मला तो पूर्ण उद्धट वाटत नाही. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं गाव होतं, तिथली कापड गिरणी बंद पडल्यावर जवळजवळ सगळं गाव बेकार झालं, त्याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. मोकळा वेळ इतका वाढला तरी लायब्ररीतून पुस्तकं नेण्याचं प्रमाण कमी झालं, रस्त्यावरचे पुरुष हळू चालायला लागले, मधेच थांबायला लागले. याहोडा यांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी देते, दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, सगळ्यांसोबतचं एखादं उद्दिष्ट, समाजात ओळख, आणि काहीतरी करत राहण्याची सक्ती. मारिएनथालच्या लोकांवर ते लादलं गेलं होतं आणि माझ्या मित्राने ठरवून केलं होतं, पैसाही होता, फरक मोठा आहे. पण सकाळी अकरा वाजता बाल्कनीत उभा असलेला माणूस बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे सारखाच दिसतो. विचारणाऱ्यातल्या बऱ्याच जणांना खरी काळजी असते की या पाच गोष्टींचं याने काय केलं, त्यांना ती या शब्दांत मांडता येत नाही एवढंच.

या प्रश्नाला कंटाळून तो मधे काही महिने प्रत्येकाला सांगायला लागला की वेळच नाही रे, प्रचंड बिझी आहे, आणि यादी वाचून दाखवायचा. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड एकर्ट यांनी १९८६ मध्येच रिटायर लोकांच्या या सवयीबद्दल लिहिलंय, की काम सुटलं तरी बिझी असणं म्हणजे चांगलं असणं हा नियम सुटत नाही, आणि रिकाम्या वेळाची लाज वाटू नये म्हणून लोक सतत काहीतरी करत असल्याचं सांगत राहतात. त्याचंही तेच झालं, आणि गंमत म्हणजे बिझी म्हणूनही कुणी ऐकत नव्हतं. तू मोकळाच आहेस ना, हे वाक्य घेऊन नातेवाइकांचे फोन यायचे. कुणाला हॉस्पिटलमध्ये न्यायचंय, कुणाची कागदपत्रं करायचीत, कुणाच्या घरी प्लंबर येणार आहे तर दिवसभर बसायचंय. पहिले सहा महिने त्याने सगळं केलं, कदाचित आपण काहीतरी उपयोगाचे आहोत हे दाखवायला. मग दुपारी एकपर्यंत मी कुणालाच उपलब्ध नाही असं ठरवलं आणि कारण देणं बंद केलं, गुरुवारी दुपारी जमेल, एवढंच सांगायचं. एक चुलतभाऊ रागावला तो अजून नीट बोलत नाही.

घरातली गोष्ट बदलली ती एका रविवारी, मुलीचा तो फॉर्म निघाल्यावर. आजीआजोबांसकट सगळे बसले आणि पहिल्यांदाच कुणाला कोण काय विचारतं ते मोकळेपणाने सांगितलं गेलं. आईने सांगितलं की तिला खोटं बोलायचं नव्हतं, पण खरं काय बोलायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. ठरलं ते साधं होतं, नोकरी पुरे केली, ठरवून केली, घरचं व्यवस्थित आहे, यापुढे खुलासा नाही. मुलीने फॉर्मसाठी 'निवृत्त' हा शब्द निवडला, तिचा तिनेच. आणि मित्राने वहिनींना पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितलं की ही पुंजी दोघांच्या नावाने मोजलेली आहे, तुलाही उद्या थांबायचं असेल तर थांब. तो समजत होता की हे तिला माहीतच आहे. वहिनींना ते माहीत नव्हतं, निदान खात्रीने नव्हतं. त्यानंतर थोड्या दिवसांनी स्टाफरूममध्ये त्यांच्या तोंडून आपोआप आलं, त्यांना नको होतं म्हणून ते थांबले, मला शिकवायला आवडतं म्हणून मी येते. त्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही म्हणे.

सगळं मिटलं असं नाही. दुसऱ्या वर्षी मार्केट चांगलंच पडलं तेव्हा काही फोन आले, आवाजात काळजी होती पण बघ आम्ही सांगत होतो तेही होतं. त्याने गुंतवणूक विकली नाही, ठेवीतून खर्च चालवला, प्रवास रद्द केला. आता घरात साधा ताप आला तरी कुणीतरी नोकरी सोडण्याशी जोडतं. वडील अजून ओळख करून देताना इंजिनिअर आहे म्हणतात, आणि तो त्यांना दुरुस्त करत नाही, ते बरोबरच आहे असं मला वाटतं. एका गोष्टीवर मात्र मी त्याला टोकलं होतं. त्याचा एक मेहुणा कंत्राटी काम करतो, कधी असतं कधी नसतं, त्याच्यासमोर हा बोलून गेला की ठरवलं तर कुणीही करू शकतं. कुणीही नाही करू शकत. दोन पगार, कर्ज नाही, आजारपण नाही, आईवडिलांची स्वतःची पेन्शन, हे सगळं जुळून आलं होतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याला हे वाक्य ऐकवलं तर तो चिडणारच, आणि त्याच्या चिडण्याला हेवा म्हणणं अन्यायाचं आहे. मित्राने ते मानलं, मेहुण्याकडे जाऊन बोलूनही आला.

आणि तो शेजारच्या डेस्कवरचा सहकारी, त्याचा दीड वर्षाने फोन आला. थोडं इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, तुझी ती हिशेबाची एक्सेल शीट पाठवशील का. मित्राने पाठवली, पण त्याआधी विचारलं, वहिनींशी बोललास का, त्यांच्या ऑफिसात त्या काय सांगणार आहेत? तो म्हणाला, अजून घरी विषयच काढला नाही. महिनाभराने त्याने सांगितलं की बायको एवढ्यात तयार नाही, मुलाचं कॉलेज होऊ दे म्हणाली. तो अजून नोकरीवर आहे, दोघं मिळून ती शीट भरतायत, आणि माझ्या मित्राशी पुन्हा बोलायला लागलाय.